पडद्यावरच्या दोन बाटल्या

सांगली, नोव्हेंबर १९९८

प्रिय आम्रपाली,

फोन केला नाही, कारण फोनवर तू समजूत घालायला लागलीस की मी ऐकते. आज मला ऐकायचं नाही, तुला ऐकवायचं आहे. मुजीब साताऱ्याला येतोय, त्याच्या हाती हे पाठवतेय.

आपल्या रक्तपेढीच्या प्रोग्रामचं काय कौतुक होतं! खिडकी, बटणं, मेनू नेहमीच्या प्रोग्रामसारखे, आणि आत सांगलीच्या पेढीतून फोनलाइनवर येणारं ब्राउझरचं पान. दवाखान्यातली माणसं बिचकतात म्हणून आपण पत्त्याची पट्टी काढली, पान ताजं करणारं रिफ्रेशचं बटणही काढलं. प्रोग्राम आणि ब्राउझर, दोन सवती एका घरात नांदवल्या म्हणून तू पेढे वाटलेस.

बुधवारी मी पेढीतच होते. कडेगावचा जालिंदर बर्फाचा डबा घेऊन जीपमधून उतरला. बायको तानुबाई बाळंत झालेली, रक्त थांबेना, गट ओ निगेटिव्ह. पेढीत होत्या त्या दोन बाटल्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. त्याला पटेना. "आवं ताई, डॉक्टरनं मला दावलं की! दोन बाटल्या हायती म्हणून लिवलंय तितं!" मग माझ्या लक्षात आलं. कडेगावची लाइन सोमवारपासून बंद, आणि ब्राउझर जपून ठेवलेलं जुनं पान मुकाट्याने दाखवत होता. नुसत्या ब्राउझरमध्ये कुणीतरी रिफ्रेश दाबून पाहिलं असतं. आपल्या खिडकीत दाबायला काही ठेवलंच नव्हतं. पडद्यावर शून्य दिसलं असतं, तर डॉक्टरांनी तिलाच थेट मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं असतं.

आमच्या लियाकतचाचांचा गट तोच. दुकान उघडं टाकून ते धावत आले, रक्त दिलं. तपासण्या होईपर्यंत जालिंदर दाराशी उभाच होता. मग बाटली डब्यात घालून तो कडेगावला सुटला. तानुबाई वाचली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

सोबतच्या फ्लॉपीत नवी प्रत आहे. लाइन तुटली की आकडे पुसले जातात आणि लाल अक्षरांत येतं, माहिती जुनी आहे, विसंबू नका. रिफ्रेशचं बटण वर ठसठशीत बसवलंय. कुरूप दिसतं. दिसू दे.

सोमवारी तू साताऱ्याच्या दवाखान्यात जुनी प्रत बसवणार आहेस. बसवू नकोस. ही बसव, नाहीतर काहीच नको. चिडायचं तर चीड. पुढच्या महिन्यात त्याच दवाखान्यात तू बाळंत होणार आहेस. बुधवारी जालिंदर बोलत होता आणि मला सारखी तूच दिसत होतीस. तुझाही गट ओ निगेटिव्हच आहे, आम्रपाली, आणि लियाकतचाचांना आता तीन महिने रक्त देता येणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
रुमाना