तीन बहिणींचं दीपगृह

१२ मार्च, दुपार

प्रिय मास्तर,

तू आणि तुझी बायको, दोघं बरी असाल. माझा गुडघा ठीक आहे.

आपल्या गटातल्या ग्रंथपालबाईंनी आज सकाळी फोनवर पक्कं सांगितलं: तीन बहिणींनी एकोणीस वर्षं पेटतं ठेवलेलं दीपगृह विश्वकोशात नाही, कधीच नव्हतं. जुन्या नोंदीही त्यांनी उकरून पाहिल्या.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद, आजच हातोहात पाठवतोय. फोनवरचा आपला गट चार दिवस गप्प आहे. शिंपी तेवढा म्हणाला, "मास्तर नसला की चुका कोण काढणार?" त्यावरही कुणी हसलं नाही.

तू शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ते दीपगृह विचारलंस आणि एक मुलगी एका गुणाने मागे राहिली. इथवर चूकच होती. पण चौकशी समितीला "विश्वकोशातलं पान मी स्वतः वाचलं" असं का सांगितलंस? "मित्राने पाठवलं" म्हणाला असतास, तर बोलणी खाऊन सुटला असतास. आता खोटं बोललास म्हणून नोकरी जाईल. मला वाचवायला गेलास, गाढवा.

रोज सकाळी विश्वकोशाचं 'कोणतंही एक पान' हे बटण एकदाच दाबायचं, जे पान उघडेल त्यातली एक ओळ गटात टाकायची. नावडलं तरी दुसऱ्यांदा दाबायचं नाही. हा नियम माझाच.

दीपगृह पाठवलं त्या दिवशी उघडलं ते एका आजाराचं पान. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तुझ्या वहिनीबद्दल जे नाव सांगितलं, तेच. तुझी वहिनी समोर मटार सोलत होती. "आज काय आलं?" मी म्हणालो, दीपगृह. "कुणाचं?" तीन बहिणींचं. ती हसली, म्हणून मी रंगवत गेलो. पानावर रुग्णाला दोन ते तीन वर्षं लिहिली होती. मी एकोणीस केली. मग तेच तुम्हालाही पाठवलं.

तिला अजून काही माहीत नाही. तुलाही आत्ताच सांगतोय.

उद्या अकराला समिती बसेल. साडेदहाला मी बाहेरच्या बाकावर असेन, ते खरं पान छापून घेऊन. मुलीचा गुण तिला मिळेल. तू "वाचलं नव्हतं" एवढंच म्हण, पुढचं मी बोलेन. हेच पान का लपवलं, असं ते विचारतील, आणि माझं उत्तर इतरांकडून तुझ्या वहिनीच्या कानावर जाता कामा नये. म्हणून आज संध्याकाळी तिला सांगायचं आहे. ती आतून विचारते आहे, इतकं काय लिहिताय.

नियम करून स्वतःच मोडणारा,
तुझा दीपगृहवाला