एका नाण्याचा खेळ

ता. ४, सोमवार

देवाच्या कृपेने अखेर आम्ही एका छपराखाली आलो. माझे यजमान व्हिडिओ गेमच्या दुकानात यंत्रे दुरुस्त करतात. आज दुकानावरच्याच दोन खोल्या मिळाल्या आणि मी सामानासह दाखल झाले. नळाला धार चांगली, ओट्यावर ऊन येते, मोरीची कडी लागते. आणखी काय हवे? आधी देव मांडले, शेजारी ठकूचा फोटो. आमची एकुलती लेक, तापाने गेली तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. यांनी फोटो बाहीने पुसला आणि तिलाच सांगितले, बघ, आई आली एकदाची, आता करपलेला भात बंद!

ता. ६

खाली जाऊन दुकान पाहिले. मालकीणबाई जिभेने तिखट. जोडीने नांदायला आलात की नवऱ्यावर पाळत ठेवायला, असे तोंडावर विचारले. कोपऱ्यात विमानाचे यंत्र आहे, काम आटोपले की हे त्यावर खेळतात. मोहरी सांडावी तशा गोळ्या येतात. विमान पडले की यंत्र आणखी नाणे मागते. हे टाकत नाहीत, उठतात. एका नाण्यात शेवट गाठायचा, हाच यांचा हट्ट. आजवर कोणाला जमलेले नाही म्हणे. मला बरेच वाटले. दुसऱ्या नाण्याला हात न लावणारे व्यसन ते व्यसन कसले? मालकीणबाई यांना म्हणाल्या, तुमच्यासारखीच गिऱ्हाइके आली तर मी यंत्रांवर कपडे वाळत घालीन.

ता. १३

यात नशीब नाही, सारे पाठांतर आहे, असे हे सांगतात. कोणती गोळी कुठून येणार, पाढ्यांसारखे पाठ हवे. चौथा टप्पा पार केला. पण आज हे भाजी आणायला गेले आणि घरची वाट चुकले. वर मलाच हसून म्हणाले, डोके म्हणजे तुझी ट्रंक गं, नवे कोंबायचे तर जुने काढावे लागते. मीही हसले.

ता. १९

आईचे पत्र का नाही आले, असे यांनी जेवताना विचारले. सासूबाईंना अग्नी यांनीच दिला होता. मी सांगितले तेव्हा आजच गेल्यासारखे रडले. मग तोंड धुतले आणि खाली खेळायला गेले. पाचवा टप्पाही पार.

ता. २४

यांनी ठकूचा फोटो हातात घेतला आणि गोड आहे म्हणाले. कोणाची?

मी सांगितले. सगळे सांगितले, ताप, ती रात्र, यांच्याच मांडीवर— यांनी मान हलवली. परक्याच्या दारी सांत्वनाला गेल्यासारखे म्हणाले, अरेरे, फार वाईट झाले हो तुमचे.

तुमचे.

ता. २६

आज यांच्या मागे उभी राहिले. शेवटचा टप्पा लागला. काचेत आमचे जुने अंगण, दोरीवर माझे पातळ. आणि मधोमध ठकू. मी शिवलेला लाल फ्रॉक, कॉलर डावीकडे वाकडी. तिच्या उघड्या तळव्यांतून गोळ्या येत होत्या.

विमान पडले. हे खुशीत म्हणाले, ही पोरगी संपली की खेळ संपला. आता जवळ आलोय.

ता. २७

मालकीणबाईंना तिथे लोखंडी गोळाच दिसतो. मला म्हणाल्या, बाई, जरा झोप काढा. मी यंत्राची वायर उपटली. यांनी माझे पाय धरले, लहान पोरासारखे हुंदके— मीच पुन्हा लावली.

यंत्राला जोडीने खेळणाऱ्यासाठी दुसरा दांडा आहे. तिथे नाणे टाकले की दुसरे विमान येते. ते मी ठकूच्या पुढे उभे करीन. यांच्या गोळ्या मी झेलीन. पण माझे विमान टिकतच नाही. शिकावे लागेल.

ता. ३०

सकाळी हे दुरुस्तीत असतात तेव्हा मी शिकते. डावीकडे, थांब, खाली सरक. स्तोत्र पाठ होते तसे होते आहे.

संध्याकाळी दिवा लावून हात जोडले. लग्नाआधीपासूनचे स्तोत्र. पहिली ओळ म्हटली. दुसरी आली नाही.

ता. ३

ठकूपर्यंत पोचले. एकही गोळी न झाडता उभी राहिले. ती हसली—

विसरायचे नाही. ठकू. माझी. झोपताना माझा कान धरायची. यांना ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. मला—

ता. ५

वही खाली घेऊन जाते. लिहीत राहिले की धरून ठेवता येते. आज देवांशेजारी एका मुलीचा फोटो— वहीत मागचे वाचले, मग कळले. ठकू. ठकू. ठकू.

ता. ७

दुकानात बसले आहे. समोरचे गृहस्थ फार सुरेख खेळतात. एकाच नाण्यात इतके पुढे—

माझ्या मुठीत नाणे आहे. कशाला आणले होते? उगीच कशाला उधळा. पिशवीत परत टाकले.

शेवटी एक मुलगी आली. लाल फ्रॉक. कॉलर वाकडी बसली आहे, उसवून पुन्हा लावायला हवी होती. गृहस्थ नेम धरताहेत. ती त्यांच्याकडे बघतच नाही— माझ्याकडे बघते आहे. हात पुढे केलेत. काही म्हणते आहे. ओठ उघडले—

आ