कोरे सोडलेले वीस प्रश्न चुकीचे धरल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परिचारिका प्रशिक्षण प्रवेश परीक्षा कार्यालय

विषय: माझ्या नातीचे कापलेले वीस गुण परत मिळणेबाबत.
संदर्भ: आपले सूचनापत्रक, नियम सातवा. बैठक क्रमांक ४११७.

महोदय,

अर्जदार मटणाचे दुकान चालवते. शिक्षण चौथी. अक्षर माझेच आहे, वाचता येईल.

१. आपल्या नियमाने बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा, कोऱ्याला शून्य. नातीचे बासष्ट बरोबर, अठरा चूक, वीस कोरे. दोनशे अठ्ठेचाळीसातून अठरा गेले, राहिले दोनशे तीस. निकालात दोनशे दहा आहेत आणि प्रवेश दोनशे पंचवीसला. कोरे तिने घाबरून सोडले नाहीत. सांधा सापडला नाही तर सुरी लावू नये, हे तिला मीच शिकवले. आपण तेही चुकीत ओढले.

२. आमच्याकडे चुकलेल्या कापाला एक फटका, असा रिवाज आहे. तो रिवाज मीच पाडला, नाकारत नाही. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, निकालावर 'वजा ३८' वाचले आणि कमरेचा पट्टा काढला. शेजारीण दुकानात बोलवायला आली. मी पोचेपर्यंत सव्वीस झाले होते. तेविसाव्याला तिने हात आडवा घातला, बक्कल लागून मनगट मोडले, तरी हा मोजतच होता. मी सत्तुराची पाठ त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला कळतो. पडल्या पडल्या म्हणतो, आई, अजून बारा राहिले.

३. मी तशीच आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, आजी, इतक्या पोरी नापास होतात, कोणाची आजी येत नाही. मी म्हटले, त्यांच्या आज्यांना वजाबाकी येत नसेल. अंगावरचे रक्त बोकडाचे आहे हे सांगूनही शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढले. त्याच्या नाकाचे काय झाले ते त्याला विचारावे.

४. पट्ट्याचे मी तुकडे केले, पण पट्टे बाजारात मिळतात. नातीचे प्लास्टर निघाले की उरलेले बारा देणार, असे तो सांगत फिरतो. आपण अठराच चुका लिहून दिल्यात तर बाकी काही राहत नाही, उलट त्याने आठ जास्त मारले असे होते. ते आठ त्याला मी मोजून देणार आहे. त्यासाठी आपली परवानगी मागत नाही. नातीला विचारले, तुझ्यासमोर देऊ का. ती म्हणाली, आजी, त्याचं तू बघ, मला यादीत नाव दाखव.

यादी अठरा तारखेला बंद होते. त्याआधी दुरुस्त निकाल दुकानाच्या पत्त्यावर पाठवावा. घरी आलेले पत्र तोच आधी उघडतो.

उत्तराची वाट पाहणारी,
उमेदवाराची आजी
दि. १२

सोबत: निकालपत्र, उत्तरपत्रिकेची प्रत, नातीच्या मनगटाचा एक्स-रे. मुलाच्या खांद्याचा जोडलेला नाही, मागितल्यास देईन.