बादलला टाकलेली पोळी

शिंदखेड्याच्या अक्कास हेमलताचा पाया पडून नमस्कार.

बोट मोठी आहे, खाणंपिणं बरं आहे. तुझा गुडघा कसा आहे?

ज्यांच्या सोबतीला मी आले त्या आमच्या मॅडमना दिसत नाही, त्यांचा बादल कुत्रा त्यांना वाट दाखवतो. आपल्याकडे शेवटची पोळी कुत्र्याची, म्हणून मी जेवताना त्याला तुकडा टाकला. कामावर असताना त्याला खायला घालत नाहीत, मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी तो मॅडमना सोडून एका शेठाणीच्या ताटाशी गेला. ती ओरडली, “बोट आहे का उकिरडा?” तिने तक्रार केली.

बोटीवरचा साहेब म्हणतो, कुत्र्याला कोचीनला उतरवू. मग मॅडम कोणाच्या भरवशावर चालतील? मी म्हटलं, “पोळी मी टाकली, मला उतरवा.” तो वर विचारायला गेलाय.

मला उतरवलं तर फोन करीन, भाऊजींना नरडाणा स्टेशनवर पाठव. आईला सांग, मी मजेत आहे.

तुझी हेमा