शेऱ्याचा रकाना

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

नोकरीला दहा दिवस झाले. खोली हवेशीर आहे, जेवणही वेळेवर होतं. तुरुंगातून रोज बारा कैदी बागकामाला येतात, त्यांच्यावर देखरेख माझी. काळजी नको, सोबत दोन शिपाई असतात. सगळे मला गमतीनं ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. तुमचा गुडघा कसा आहे? आईला इथपर्यंतच वाचून दाखवा.

कैद्यांमध्ये तुमच्याच वयाचे एक काका आहेत. परवा कुंपणापलीकडून एका आजींनी त्यांना विचारलं, "माझा गुलाब का हो वाळतो?" काकांनी फांदी कुठे छाटायची ते नीट समजावलं. बाहेरच्यांशी बोलायला कैद्यांना मनाई आहे, हे मला ठाऊक होतं. पण मला इतकं बरं वाटलं की, संध्याकाळी तुरुंगात परत जाणाऱ्या हजेरीच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी ते सगळं कौतुकानं लिहिलं.

काल अकराच जण आले. काकांचं बाहेरचं काम बंद झालं.

शिपाई म्हणाला, "मास्तरीणबाई, आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं होतं. तुम्हाला लिहायला कुणी सांगितलं?"

उद्या मोठ्या साहेबांना लेखी देणार आहे की, मी तिथेच उभी होते आणि मी अडवलं नाही. नोकरी कदाचित जाईल.

बाबा, तुम्ही जन्मभर मुकादमाच्या हाताखाली राबलात. तुमचं भलं करायला जाऊन कुणी असं केलं असतं, तर तुम्ही तिचं तोंड तरी पाहिलं असतं का? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं काय ते लिहा.

तुमची,
धाकटी