गोडं पाणी पाहुण्यांसाठी

प्रिय दादा,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ भांडले, पण लिहिलं कधी नाही. आज लिहितेय, कारण मायचा रक्ताचा रिपोर्ट आलाय. तुझ्या रिपोर्टात डॉक्टर किडनीच्या ज्या आकड्याखाली पेनाने रेघ मारायचे, त्याच आकड्याखाली मायच्याही रिपोर्टात रेघ आहे. तुझ्याएवढं वाढलेलं नाही अजून, पण पाय सुजतात. आणि ती ऐकत नाही रे! कोणाला सांगू? मायला वळवणारा आपल्या घरात तू एकटाच होतास.

काल पुन्हा तुझे फोटो उघडून बसले. लोक परदेशी गेले की मनोऱ्यांचे, पुलांचे, बर्फाचे फोटो काढतात. तू जिनिंगच्या मशिनी बसवणारा अकोल्याचा फिटर. जिथे कापूस पिकतो तिथे कंपनी तुला धाडायची, आणि तू फोटो कशाचे काढायचास? नळाचे, माठाचे, हातपंपाचे! माझ्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्याच, "सुजाता, तुहा भाऊ फॉरेनले जाते का पाणीपुरवठ्यात हाय?"

त्यांना काय माहीत खारपाणपट्टा! पूर्णेकाठच्या आपल्या गावात हातपंपाचं पाणी तोंडात घेतलं की जीभ आखडते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळ येतो, तोही त्याच्या मर्जीने. गोड्या पाण्याला आपण दुसऱ्या गावच्या विहिरीवर जायचो. तू सायकलला दोन्हीकडे डबे बांधायचास आणि मी मागून ते धरून पळायचे. अशा गावचा माणूस जगात कुठेही गेला, तरी आधी पाण्याकडेच बघणार.

सुदानचा तो फोटो आठवतो? रस्त्याच्या कडेला झाडाखाली लोखंडी घोडीवर ठेवलेले मातीचे मोठाले रांजण, बुडाला निमुळते, आणि वर टिनाचा पेला. कोणीही यावं, पिऊन जावं. तू खाली लिहिलं होतंस, "आपलीच पाणपोई, फक्त बोर्डावर नगरसेवकाचा फोटो नाही." युगांडात बोअरवेलपाशी पिवळ्या डब्यांची लांब रांग होती आणि डब्यांच्या मालकिणी लांब सावलीत गप्पा मारत बसलेल्या. तिथे डबा नंबर धरतो, बाई नाही. टँकर आला की आपल्याकडे जी झोंबाझोंबी होते, ती आठवून आपण दोघं फोनवर केवढं हसलो होतो! आणि इस्तंबूलला, विमान बदलायला थांबलास तेव्हा, भिंतीत बसवलेला तो दगडी नळ. घरचं माणूस गेलं की त्याच्या नावाने तिथे असा नळ बांधतात म्हणे. वाटसरू पाणी पिऊन त्या माणसासाठी दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो.

पण तुझा सगळ्यात लाडका फोटो उझबेकिस्तानचा होता, अराल समुद्राकडच्या भागातला. समुद्र आटलेला, रानावर मिठाचा पांढरा थर. मला वाटलं बर्फ आहे. तू म्हणालास, "बर्फ कायचा वं? आपल्यासारखंच वावर हाय, आपल्याहून खारं." त्या फोटोत डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक म्हातारी तुला चहा देतेय. चहाच खारट! बाकीचे फिटर तोंड वाकडं करत होते आणि तू दुसरा प्याला मागितलास. घरचा चहा प्यायल्यासारखं वाटलं म्हणालास.

तिथली रीतही तूच सांगितली होतीस. तिकडे पाहुण्याला प्याला भरून देत नाहीत. थोडाच ओततात, पुन्हा ओततात, पुन्हा ओततात. थोडा दिला म्हणजे बसा, तुम्ही हवे आहात. भरून दिला म्हणजे आता निघा. येताना तू तसला एक प्याला घेऊन आलास, निळा, त्यावर पांढरी कापसाची बोंडं काढलेली. मायने तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाली, "पऱ्हाटीसाठी एवढ्या दूर कायले जा लागत होतं?"

आपल्या घरची रीत वेगळी. गोडं पाणी पाहुण्यांसाठी. त्याचा माठ वेगळा, झाकण वेगळं. आपण हात लावला की माय कडाडायची, "ठेव थे! कोणी आलं त काय देऊ?" तू पहिल्यांदा परदेशातून आलास तेव्हा तिने त्याच माठातला गडू भरून तुझ्यासमोर धरला. तू तो बाजूला ठेवलास. "माय, मी का पाव्हणा हावो?" असं म्हणून उठलास आणि रोजच्या माठातलं खारं पाणी घटाघटा प्यायलास. माय किती सुखावली! गल्लीभर सांगत फिरली. नंतर दर सुट्टीला तू तेच केलंस. आम्हाला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. आता राग येतो. कावून केलं रे दादा असं? पाहुणा झाला असतास तर काय बिघडलं असतं?

तुझ्या किडन्या पाण्यानेच गेल्या असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. बीपी होतं, कंबरदुखीसाठी खाल्लेल्या गोळ्या होत्या, पाणीही असू शकतं म्हणाले. असू शकतं! एवढ्याशा उत्तराचं मी काय करू? कोणाशी जाऊन भांडू?

मग तू डायलिसिससाठी अमरावतीला माझ्याकडे आलास. इथे माझ्या नळाला धरणाचं गोडं पाणी, आणि तुला पाणी बंद! दिवसभराचं मोजून द्यायचं, तेही घोट घोट. तुझे ओठ सालपटायचे आणि मी तुझ्यासमोर भांडी घासायला नळ सोडताना चोरासारखी व्हायचे. शेवटी धार बारीक ठेवून घासायला लागले. ते तुझ्या लक्षात आलं. म्हणालास, "सोड नं जोरात. आवाज त आयकू दे."

मी त्या निळ्या प्याल्यात बुडापुरतं पाणी द्यायचे. तू प्याल्यात बघायचास आणि हसायचास. "उझबेक लोकायसारखं देऊन राहिली तू. म्हंजे मले जाऊ देत नाहीस." मग म्हणायचास, "आता देऊ नको, दाखव." मी फोनवर तुझे फोटो दाखवायचे. सुदानचे रांजण तू बोटांनी मोठे करायचास, इतके मोठे की शेवटी पडद्यावर फक्त ओली माती दिसायची. दादा, मी तुझी बहीण. घरात पाणी असताना मी तुला पाण्याचे फोटो दाखवत होते!

आणि मग त्या सकाळी डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, आता मागतील ते द्या. तू मागितलंस. मी प्याला काठोकाठ भरला. तू त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. दोन घोट घेतलेस आणि प्याला माझ्या हातात परत दिलास. तुला समजलं होतं ना? मला हेच विचारायचं होतं.

आता मायचं ऐक. मी म्हटलं, अमरावतीला चल. नाही. मग दर रविवारी पाण्याची कॅन भरून एसटीने नेते. कंडक्टर म्हणतो, "बाई, पाणी कावून नेऊन राहिल्या? तिकडं पाणी नाही का?" मी म्हणते, हाय नं, म्हणूनच. एवढं करून मागच्या रविवारी गेले, तर आदल्या खेपेची कॅन तशीच अर्धी! शेजारच्या बाईने सांगितलं, माय त्यातलं पाणी येणाऱ्या-जाणाऱ्याला देते आणि स्वतः हातपंपाचं पिते. आणि मी बसल्याबरोबर त्याच पाण्याचा गडू माझ्यापुढे! मी नेलेलं पाणी मलाच!

मी रडले, ओरडले, रिपोर्ट दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी. ती शांतपणे म्हणाली, "तो बारा गावचं पाणी पेला अन् गेला. मी याच पाण्यावर म्हातारी झाली. सांग, वाईट कोणतं?" दादा, तू काय सांगितलं असतंस?

दुसरं काही सुचेना म्हणून मी तिला तुझा तो खाऱ्या चहाचा फोटो दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन त्या म्हातारीला न्याहाळलं. मग विचारलं, "हे बाई हाय का अजून?" मला माहीत नाही, माय. "हिचं पोरगं?" तेही माहीत नाही. तिने फोन पालथा ठेवला, पदर तोंडाला लावला आणि तू गेल्यावर पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मला वाटलं, आता तरी मानेल. रडून झाल्यावर ती उठली, डोळे पुसले आणि हातपंपावर गेली.

माझे उपाय संपले रे. एकच उरला आहे आणि तो तुझाच आहे. येत्या रविवारी निळा प्याला सोबत नेईन. माय माझ्यासमोर गोडं पाणी ठेवेल. मी म्हणेन, मी का पाव्हणी हावो? आणि उठून तिच्या माठातलं खारं पाणी पिईन. दर रविवारी पिईन, ती माझं पाणी पिईपर्यंत. ती तुझ्यासारखीच हट्टी आहे, कदाचित कधीच पिणार नाही. पण एक पोर त्या माठाशी गमावलेली माय दुसरीला तिथे किती दिवस बघत राहील? तुला वचन देते, मी तिच्याआधी माघार घेणार नाही.

आणि ज्या दिवशी ती हो म्हणेल, त्या दिवशी तुझ्या प्याल्यात तिला बुडापुरतंच पाणी देईन. मग पुन्हा ओतेन. मग पुन्हा.

तुझी,
सुजी