हंड्यातलं तांबं

नाना, गेल्या महिन्यात मी लेकीला लाटणं फेकून मारलं. चपाती करपली, एवढंच निमित्त. तिची भुवई फाटली, परातीतल्या कणकेत रक्त सांडलं, आणि तरी माझा हात पुन्हा वर गेला होता. नवऱ्यानं मनगट धरलं तेव्हा ते थरथरत होतं. ती थरथर मी लगेच ओळखली. ती तुमची होती.

नगरच्या डॉक्टरबाईंनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि बुबुळाभोवती तपकिरी कडं आहे म्हणाल्या. मी शाळेत दरवर्षी फळ्यावर पेशी काढते, तिचे कप्पे खडूनं रंगवते, आणि माझ्याच यकृतात काय बिघडलंय ते मला दुसऱ्यानं सांगावं लागलं. पेशीतल्या एका कप्प्याच्या पडद्यात एक प्रथिन बसलेलं असतं. मार्केट यार्डातल्या हमालासारखं ते तांबं उचलून कप्प्यात नेतं, मग जास्तीचं पित्तावाटे बाहेर जातं. माझ्यात तो हमालच कामाला नाही. तांबं साठत राहतं, आधी यकृतात, मग मेंदूत, डोळ्यांत. हात कापतात, जीभ जड होते, माथं भडकतं. बाईंनी वडलांबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल, विचारलं. आई तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं; बिघाड दोन्हीकडून आलाय, म्हणाल्या. तो हमाल तुमच्यातही नव्हता, नाना.

नागापूरच्या कारखान्यात लेथवर तुमचा हात कापायला लागला आणि तुम्हाला घरी बसवलं. बोलताना जीभ अडखळायची. सगळे म्हणाले, दारू. पुढं कावीळ झाली तेव्हा कुणीतरी आईला सांगितलं, तांब्याच्या हंड्यातलं पाणी अनशापोटी द्या, यकृत साफ होतं. रोज सकाळी तो पेला मी भरायची. मी बारा वर्षांची होते, आणि तेवढा एक पेला देऊन पळून जायची, कारण रिकामा पेला कधी अंगावर येईल याचा नेम नसायचा.

त्या सकाळी तुम्ही हंडाच उचलता आणि आईच्या हातावर घालता. हाड मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येतो. मामा आणि चुलते धावत येतात, तुम्हाला अंगणात ओढतात, लिंबाला बांधतात. मामाच्या हातात गिरणीचा पट्टा आहे.

"सकाळी सकाळी ढोसून आला व्हय रं?"

"म्या पेलो न्हाई. पोरीला इचारा. ये गं, हुंग माझं तोंड."

मी जवळ जाते. तुमच्या ओठातून रक्त येतंय. वास कसलाच नाही. तुम्ही माझ्याकडं इतक्या आशेनं बघता की मला तुमचा संताप येतो. आईचा हात कोपराखाली लोंबतोय.

"काय गं, येतोय ना वास?" मामा विचारतो.

"लई येतोय," मी म्हणते.

त्यानंतर पट्टा किती वेळ चालला ते मला माहीत नाही, मी कान झाकून घेतले होते. आठवडाभरानं रक्ताची उलटी होऊन गेलात. दारूनं गेला, असं सगळे म्हणाले. आईला मारलंत त्याची माफी मी तुम्हाला आजही देत नाही. पण त्या दिवशी तुम्ही खरं बोलत होतात, आणि ते मला एकटीला माहीत होतं.

मला आता गोळ्या सुरू आहेत, हात शांत होतोय. लेक समोरून जाताना अजून कपाळावर हात धरते. ती परवा म्हणाली, आजोबांना पण हेच होतं का? शेजारी आई बसली होती. मी उत्तर देण्याआधीच आई म्हणाली, "त्याला कसला आजार? दारूनं माझा हात मोडला." मी लेकीला पाणी आणायला पाठवलं.

आई आत्ता समोरच शेंगा फोडत बसलीय. काय लिहितेस, म्हणून दोनदा विचारून झालं. शाळेचं काम, असं मी सांगितलं. तिचा चष्मा ती सकाळपासून शोधतेय. तो मीच माझ्या पर्समध्ये ठेवलाय.